एकोणतीसचा पाढा

फॉर्मवर तीन चौकोन होते :
सोपी, मध्यम, कठीण.
मी पेन मध्यमवर टेकवलं,
कारण आयुष्यभर प्रगतिपुस्तकांवर तेच लिहीत आले
ज्या मुलांचं काय करावं
ते कळत नसे, त्यांच्या नावापुढे.

वय : चौसष्ट. हे खरं.
गुडघे : ठीक. हे अर्धं खरं,
डावा ठीक आहे.
रोजचं चालणं : पाच किलोमीटर.
खोडलं, चार केलं.
मग आठवलं, नेहरू पार्कच्या दोन फेऱ्या
आणि नंतर कुमुदसोबत बाकावर पोहे-जिलबी,
याचे चार होत नाहीत, कुठल्याही गणितात.

कुमुदनं जानापावची सहल घेतली होती.
उभा चढ, वर कुंड, चंबळ तिथूनच निघते म्हणतात.
"चल गं, काय होतंय!"
तिचं काय जातं म्हणायला,
तिच्या पोटऱ्या बघा एकदा.
एकोणऐंशी साली कबड्डी खेळायची
आणि अजून तशीच उभी राहते, रिक्षाची वाट बघतानासुद्धा.

संध्याकाळी वाटाड्याचा फोन आला.
भुवान डावर, चोरलकडचा, आवाज पंचविशीतला.
फॉर्मबद्दल चकार शब्द नाही. विचारलं,
"टीचरजी, घर कौन से माले पे?"
चौथ्या.
"लिफ्ट?"
लोकमान्य नगरातल्या आमच्या बिल्डिंगला कुठली लिफ्ट!
"तो फोन कान को लगाओ, नीचे से ऊपर आओ.
बोलती रहना. कुछ भी."

काय बोलणार? पाढा म्हटला.
पहिल्या मजल्यावर, देवळेकरांच्या चपलांपाशी,
एकोणतीस दुणे अठ्ठावन्न,
आवाज वर्गातल्यासारखा, शेवटच्या बाकापर्यंत.
दुसऱ्यावर कुणाची तरी लसणाची फोडणी,
एकोणतीस चोक एकशे सोळा.
तिसऱ्याच्या अलीकडे, जिथे कठडा हलतो,
एकोणतीस सक एकशे
एकशे

चौऱ्याहत्तर. येतं मला.
पस्तीस वर्षं पाठ करून घेतलं आहे, छडीशिवाय.
आकडा तिथंच होता, जिभेमागे,
त्याला बाहेर आणायला हवा नव्हती.

भुवान हसला नाही.
हसला असता तर मी कठीणवर खूण केली असती.
म्हणाला, "जानापाव बाद में.
पहले पातालपानी से कालाकुंड. उतार है.
जहाँ पहाड़ा टूटे, वहाँ बैठ जाएँगे."

सोपी.
दोन अक्षरांसमोर एवढासा चौकोन,
भरायला रात्र लागली.
हैदराबादला मुलाला सांगितलं, तो "बरं झालं" म्हणाला,
इतक्या पटकन, की दोन दिवस मी त्याच्याशी नीट बोलले नाही.

रविवारी आम्ही नऊ जण.
एक निवृत्त इंजिनिअर, कोरे करकरीत बूट,
दुसऱ्याच वळणावर बूट हातात घेऊन दगडावर बसले.
मी त्यांना पाणी दिलं.
थोडी हसलेही, पाठ वळवून.

भुवान सगळ्यांच्या मागे.
मी म्हटलं, वाटाड्या पुढे असतो ना?
"आगे वाले तो दिखते हैं."

सागाची पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती.
आणि दुखला तो डावा गुडघा,
ज्याची मी लेखी हमी दिली होती.
उजवा मजेत.
उतार सोपा असतो हे ज्यानं ठरवलं
त्याला माझ्यासोबत आणायला हवं होतं.

कालाकुंडला स्टेशनवर पानात कलाकंद मिळाला,
कडेला जरा करपलेला, तोच भाग गोड.
तेवढ्यात कुमुदचा फोन.
जानापाव कसं झालं, विचारलं.
बराच वेळ नुसता वारा ऐकू आला.
"अर्ध्यावर बसले गं. तुला म्हणून सांगते."
मीही कुणाला सांगितलेलं नाही,
हे तुम्हाला सोडून.

निघताना भुवानला विचारलं,
नापास मुलांची फेरपरीक्षा कधी?
"पहले सात तक आ जाओ, टीचरजी."

आज सकाळी, हलणाऱ्या कठड्याच्या एक पायरी वर,
एका हातात दुधाची पिशवी :
दोनशे तीन.
मग तिथंच बसले.
दूध गार होतं, मांडीवर ठेवलं.