हातचा एक

सालमियातल्या तळघराचं शटर अबू मिशारीने वर ढकललं
तेव्हा रस्त्यावर एकोणपन्नास अंश होते
आणि मी आलो होतो एसीचा डक्ट मोजायला.
रचलेल्या खुर्च्यांमागे ते कपाट उभं होतं:
काळा पडदा, एक दांडा, दोन बटणं,
शंभर फिल्सचं नाणं गिळायची फट.
"ने," तो म्हणाला, "नाहीतर उद्या भंगारवाला नेईल."

कपाट कुठे मावणार? मंगाफच्या खोलीत आम्ही चौघं.
मी फक्त आतला बोर्ड काढला,
उशीच्या अभ्र्यात गुंडाळून बसने आणला.
मेहबूब म्हणाला, "पगार कमी पडतो म्हणून आता कचरा?"

त्याला कसं सांगू,
आम्ही एक यंत्र लिहितोय, ज्यात बंद पडलेली यंत्रं राहतील.
आम्ही म्हणजे औलूची आइनो, रोसारियोचा ओरासिओ,
साप्पोरोचे ताकेहिसा, जे वहीच्या कागदावर सर्किट काढून
त्याचा फोटो पाठवतात, कोपऱ्यात चहाच्या कपाचा डाग.
कुणी कुणाला पाहिलेलं नाही.
एकमेकांच्या चुका मात्र पाठ आहेत.

खेळ साधा. छपरांवरून पळणारा पोस्टमन,
खाली कुत्री. पत्र टाकायचं, पुढे पळायचं.
चिपमधून उतरवलं, बेरीज जुळली, चित्र आलं,
आणि दोनशे पंचावन्न पत्रांनंतर
पुढचं पत्र टाकताच आकडा शून्य.
पोस्टमन छपरावर उभा,
जणू कुणी त्याला परत पहिल्या घरी जायला सांगितलंय.

सात महिने.
आइनोने लिहिलं: मूळ खेळातच खोट असेल,
तशी असते कधीकधी. आपण खोटही जपायची. मिटवू नका.
मला पटत होतं. झोपही येत होती.

पण बोर्डावर एक गोल बॅटरी होती, बिस्किटाएवढी,
आणि ती, का कोण जाणे, मेली नव्हती.
तिच्या भरवशावर गुणांचा तक्ता जिवंत होता.
दहा ओळी. तीन-तीन अक्षरं.
सगळ्यात वर: पी क्यू एन. पत्रं तीनशे अकरा.

म्हणजे कुणीतरी पलीकडे गेलं होतं.
खोट खेळात नव्हती,
आमच्यात होती.

त्या शुक्रवारी मेसचा हिशोब मांडत होतो,
तांदूळ, गॅस, मेहबूबची कोंबडी,
आणि मधेच खालून वॉचमनने हाक मारली.
परत आलो तर बेरीज दहाने कमी.
देवगडच्या पेडणेकर बाई थेट कानात बोलल्या:
"हातचा कुठे ठेवलास रे?"

कुठे ठेवला?
आम्ही लिहिलेलं यंत्रही तसंच होतं.
बेरजेच्या मधेच पडद्याने हाक मारली
की उठून जायचं, काम करायचं, परत यायचं,
आणि हातचा विसरायचं.
दोन ओळी. फक्त दोन ओळी घातल्या.
पहाटे चारला दोनशे छप्पन्नावं पत्र पडलं.
मी ओरडलो. मेहबूबने चप्पल फेकली.

नियमाप्रमाणे कोरी प्रत ठेवली गेली,
तक्ता पुसलेला, कारखान्यातून निघाला तसा.
तो दुसरा, वापरलेला, ओरासिओने वेगळ्या फाइलीत ठेवला.
नाव दिलं: पुरावा.

लॅपटॉप घेऊन अबू मिशारीकडे गेलो.
त्याने चष्मा कपाळावर चढवला, वरची ओळ वाचली.
"हा... वरच्या बेकरीत कामाला होता. सिलोनचा.
पिठाने माखलेल्या हातांनी खेळायचा, बटणं चिकट व्हायची.
नव्वदच्या ऑगस्टमध्ये सगळे गेले, बसने, मिळेल त्याने.
नाव काय त्याचं..."
बराच वेळ थांबला.
"दीड दिनार उधारी होती."

मग दांड्याच्या जागी बाणाची बटणं आहेत
हे त्याला दोनदा समजावलं.
तो खेळला. सतराव्या पत्राला कुत्र्याने धरलं.
"परत," तो म्हणाला,
आणि सवयीने खिशात हात घातला.