हुकाचा काटा

वागळे इस्टेटच्या सोळा नंबर रस्त्यावर
पावडर कोटिंगवाल्याच्या मागच्या गाळ्यात
मी गिटारी बनवतो. पाटी नाही.
ज्याला हवंय तो भुशाच्या वासावर येतो,
नाहीतर चुकून, ग्रिलचा भाव विचारत.

केतकी गुप्ते बँकेतून सुटून आल्या,
गळ्यात अजून ओळखपत्र,
म्हणाल्या, लाकडं दाखवा.

मी साडीच्या दुकानात मांडतात तशी मांडली.
हे महोगनी, न्हावा शेवाला उतरलेलं,
आवाज गुळासारखा, खाली बसणारा.
हे ॲश, रेषा बघा, खाडीवरून वारा गेल्यासारख्या,
वरचे सूर काचेवर नख वाजावं तसे.
हा साग, जड, हट्टी,
एकदा बोलायला लागला की थांबायचं नाव नाही.
आणि हा फणस. कोलशेतला रस्ता रुंद झाला तेव्हाचा.
सालीवर महापालिकेचा आकडा होता, ११४७,
तेवढी साल मी जपून ठेवलीय, का ते विचारू नका.
वीणेला चालतो, मग हिला का नाही?

मी बोलतच होतो. माझं असं होतं.
खरं तर मलाही ठाऊक आहे,
या गिटारीत तार थरथरते, चुंबक ऐकतं,
लाकूड बरंचसं नुसतं धरून असतं.
शेजारचा दिलावर म्हणतो, फ्लशच्या दरवाजाला तारा लाव,
ॲम्प मोठा कर, कोण ओळखतंय?
त्याच्याशी मी चहा संपेपर्यंत भांडतो
आणि रात्री शटर ओढण्याआधी
एकेका फळीला टिचकी मारून कान लावतो.
तरीही.

बाईंनी एकाही फळीला टिचकी मारली नाही.
म्हणाल्या, वजन किती?

नुसत्या फळीचं?
पूर्ण गिटारीचं. पट्टा डाव्या खांद्यावर येतो ना?
येतो.
मग तीन किलोच्या आत. डाव्या काखेतल्या गाठी काढल्यात,
गेल्या दिवाळीच्या आधी.

हे त्यांनी असं सांगितलं
जसं काउंटरवर म्हणावं, इथे एक सही राहिली.

मी माझा गूळ गिळला.
रद्दीवाल्याकडून हुकाचा काटा आणला,
ज्यावर तो वर्तमानपत्रं आणि जळके पंखे तोलतो.
सागानं काट्याची मानच खाली ओढली.
महोगनी साडेचार.
फणस त्याहून थोडा वर.

मग कोपऱ्यातली ती फळी काढली
जी मी कधी पुढे आणत नाही,
कारण रंग पातळ ताकाचा, रेषा अबोल,
आणि तिच्यासाठी माझ्याकडे एकही उपमा नाही.
पावणेचार. कापून, आतून दोन कप्पे पोखरून
निम्म्याखाली येईल.

कुठलं लाकूड?
शिवण.
त्या पहिल्यांदा हसल्या.
शिवण? बरं. ओळखीचं आहे.

फळी उभी धरून त्यांनी अंगाशी लावून बघितली.
कधीपासून वाजवता, मी विचारलं.
शिकायचंय अजून, म्हणाल्या,
आणि माझ्या कानावरची पेन्सिल स्वतःच काढून घेतली.
इथली कड जास्त उतरवाल?
इथे. टेकते ती.
त्या रेघ ओढत होत्या तोवर
मी पावडर कोटिंगच्या भट्टीकडे बघत राहिलो,
जणू तिथे माझं काहीतरी भाजायला टाकलंय.

फळीच्या पाठीवर लिहिलं,
गुप्ते, ३.७५०.
अजून थोडी ओल आहे हिच्यात, मी म्हणालो,
वाळली की आणखी हलकी होईल.
किती दिवस?
चार महिने धरा.
त्यांनी ओळखपत्र गळ्यातून काढून पर्समध्ये टाकलं.
थांबते की.

काटा परत द्यायचा राहूनच गेला.
अंधार पडल्यावर रद्दीवाला स्वतः आला, शिव्या देत.