प्रश्न क्रमांक चौदा

फॉर्ममागं बेचाळीस रुपये,
आणि परतवाड्याहून खैरखेड्याला एस.टी. दिवसातून दोनदा.
टॅबवर तेरा प्रश्न पाण्याचे, रस्त्याचे, गॅसच्या टाकीचे.
चौदावा असा:
राज्य सरकार ख्रिस्ती लोकांच्या हक्कांचं रक्षण करतं, असं तुम्हाला वाटतं का?
पूर्णपणे. काही प्रमाणात. अजिबात नाही. सांगता येत नाही.

कापूस वेचून बाया परतल्या की दारं उघडतात.
मी सहानंतरच विचारते.

सरपंचबाईंच्या घरी सरपंचबाई चहा ठेवतात,
उत्तरं देवरावजी देतात.
"पुरं रक्षण, लिवा. आमच्या गावात भेद नाई.
नाताळाचा केक आमच्या घरी येते, इचारा हिले."
आतून कपबशी वाजली फक्त.
मागं बकऱ्या, त्यांच्यापुढं लोखंडी फाटक,
ताजा निळा रंग,
वरच्या कडेला मधोमध वेल्डिंगचे दोन फोड,
काहीतरी कापून काढल्यासारखे.
मी 'पूर्णपणे'वर बोट ठेवलं.

सलूनवाला गजू म्हणाला,
"त्यायले काय कमी हाय बाई, बाहेरून पैसे येतेत."
पाहिलेत?
"पायले नाई. पण येतेत."
वस्तरा पुसत म्हणाला, "तुमीच दाबा काई बी."

पोलीस पाटील खुर्ची देऊन बसले.
"रविवारी टिनात गाणे म्हणतेत, तं म्हटलं अर्ज द्या."
आणि भजनी मंडळ?
"त्यायचा कायले अर्ज, ते तं नेहमीचंच..."
इथं ते थांबले. स्वतःचंच वाक्य ऐकत राहिले थोडा वेळ.
"काही प्रमाणात," म्हणाले.

बेबी ढोकणे तुरीच्या शेंगा सोलत होती.
"सरकारचं मले नाई माईत.
माह्या मोठ्याच्या वक्ती पाय पयले आले,
अमावस्या, गाडी नाई,
रूथ नर्सबाईनं बंडीतच हात घालून फिरवला पोट्टा.
तिले कोनी तरास देत असन तं मले सांगा,
सरकारले कायले सांगता?"
हा पर्याय यादीत नाही.

मग ओढ्यापलीकडची चार घरं.
शांतवन तायडे ओसरीवर बांबूच्या कामट्या बांधत होता,
ताऱ्याला कागद लागायचा होता अजून.
"दाखल्यावर हिंदू, घरात येशू.
कागदावर आमी नाईच, बाई,
मंग रक्षण कोनाचं चाललं हाय ते तुमीच सांगा."
हसला, आणि आईकडं बोट केलं.

रूथबाई ऐंशीच्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
"हे कोन वाचते?"
मुंबईत, ऑफिसात. त्याचा आकडा होतो.
"चार घरायचा आकडा किती होते?"
मी गप्प.
शेवटी एक खाना असतो 'इतर' म्हणून. चाळीस अक्षरं,
यंत्र काना-मात्राही मोजतं, रिकामी जागाही.
त्या सांगत गेल्या, मी टाइप करत गेले:
पोळ्याच्या रात्री कब्रस्थानाचं फाटक गेलं,
तलाठी म्हणते सातबाऱ्यावर कब्रस्थानच नाई,
ढोरं शिरतेत, यजमानांच्या दगडाले अंग घासतेत,
फाटकावर क्रूस होता, त्यायनं सोता जोडलेला,
शेवटच्या आजारपणात, चष्मा न लावता.
खाना लाल झाला.

चष्मा काढला. आजारपण काढलं.
यजमान काढले, दगड काढला, तलाठी काढला.
उरलं: कब्रस्थानाचं फाटक परत लावा
सव्वीस.
खाना पुन्हा पांढरा. चौदा शिल्लक.

मी बसून राहिले जरा वेळ.
शांतवननं कामटीला गाठ मारली, दातांनी दोरा तोडला.
मग चौदाही भरले:
कब्रस्थानाचं फाटक परत लावा. निळं आहे आता

"गेलं काय?" रूथबाईंनी विचारलं.
इथं रेंज नाही. ती टेकडीवर येते,
आणि टेकडीची वाट
देवरावजींच्या गोठ्यावरून जाते.
मी टॅब ओढणीत गुंडाळला
आणि निघाले.