आठवा प्रश्न

सोलापूरचा मे. ओपीडीत पंखा फिरतो,
हवा मात्र जागची हलत नाही.
सर म्हणाले, हिस्टरी घे.
फॉर्मवर सात प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते पाच.

समोर नरसय्या चिलवेरी, वय अडुसष्ट, साखर पेठ.
चाळीस वर्षं धोटा बघून बघून
मान अजून तशीच हलते, डावीउजवीकडे.

माझ्या घरी लघवीला शब्द नव्हता, करंगळी होती.
आज सकाळपासून तो शब्द मी
एकतीसदा म्हटलाय, शेवटी शेवटी मोठ्यानं.

धार कशी आहे, काका?
ते अंगठा तर्जनीवर चोळतात, सूत पारखावं तसं.
"आधी दहा नंबर होतं अम्मा, चादरीचं, जाड.
आता ऐंशी नंबर.
मधीच तुटतंय. उभं ऱ्हायाचं. गाठ मारायची. परत चालू."
मी लिहिते: खंडित. चार.

रात्री किती वेळा उठता?
"कुठल्या रात्री?"

भिंतीकडे तोंड करून बसलेली बायको सांगते,
"पाचव्या दिवशी नळ येतोय, दोन वाजता.
त्या रात्री सगळी गल्लीच उठतीया.
ती धरायची का सोडायची?"
फॉर्मवर ती रात्र नाही.
मी सोडते. उरलेल्या रात्रींचे पाच.

पडद्याआड सर ग्लोव्ह चढवतात.
मी थांबू का, काका?
"मग शिकणार कशी?" म्हणतात,
आणि भिंतीच्या पोपड्यांकडे बघत राहतात
काम होईपर्यंत.
मोठी आहे, सर म्हणतात, पण मऊ.
नाकाच्या शेंड्यासारखी लागली तर ठीक,
कपाळासारखी लागली तर काळजी.

(रात्री मेसमध्ये कडक भाकरी मोडता मोडता
मी माझं नाक दाबून पाहिलं.
मग कपाळ.
समोरची म्हणाली, डोकं दुखतंय का?)

आठवा प्रश्न राहिला होता.
पुढचं सगळं आयुष्य असंच काढावं लागलं
तर कसं वाटेल?
मी वाचला, छापलाय तसाच.
काकांनी बायकोकडे बघितलं,
तेलुगूत काहीतरी बोलले, अर्धंच वाक्य.
ती हसली, आधी पदराआड,
मग पदर खाली पडला तरी हसत राहिली.

काय म्हणाले?
"काही नाही. तुमच्या कागदात बसायचं नाही ते."

पेन उघडंच होतं माझ्या हातात
तेवढ्यात पुढचा नंबर: मुतखडा,
बत्तीस वर्षांचा,
दारातच घडी पडलेला.