पाऊणपट

डॉक्टर लोर्ना म्हणाल्या, तीन शब्द सांगते,
लक्षात ठेवा, पाच मिनिटांनी विचारीन.
आंबा. खुर्ची. रुपया.
बाबांनी मान हलवली,
जुन्या उधारीला हलवावी तशी.

पाच मिनिटांनी त्यांच्याकडे एकही शब्द नव्हता.
खिडकीबाहेर बांबोळीचं ऊन,
कुणीतरी स्कूटर मागे घेत होतं.
डॉक्टरांनी कागदावर शून्य काढलं,
छान गोल.

मला म्हणावंसं वाटलं,
कुणाचा आंबा, डॉक्टर? मानकुराद की रायवळ?
त्या खुर्चीवर कोण बसलं होतं?
रुपया कुणाला द्यायचा राहिला होता?
बिनमालकाची वस्तू
या माणसाने कधी घरात आणली नाही.

चाळीस वर्षं दिवाडीच्या खाजनात
मानस राखली त्यांनी.
भरती चढली की तिची लाकडी दारं
पाण्याच्याच रेट्याने मिटतात,
ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून उघडतं.
काय आत घ्यायचं, काय नाही,
कुणी ठरवत बसत नाही.
तरी माणूस लागतो.
फटीत एक काटकी अडकली
की रात्रीत खारं पाणी शेताच्या उशापर्यंत.

तिथीची पाऊणपट कर, सांगायचे,
तेवढ्या वाजता भरती पुरी.
चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा,
आपण नदीच्या आत, तेव्हा थोडं वर धर.
हे महत्त्वाचं आहे. लक्षात ठेव.
तीनदा सांगितलं.
मी नऊ वर्षांची, बांधावर.
त्यांच्या मुठीत एक खेकडा होता, एकाच नांगीचा.
दुसरी कुठे गेली असेल,
एवढंच मी घरी घेऊन आले.
पाऊणपट की सव्वापट,
हे परवा रोहिदासला फोन करून विचारलं.
त्याचा नंबरही मला पाठ नाही.

वॉर्डात रात्री बाबा ताठ उठून बसले.
सलाइनची नळी ताणली गेली.
फळ्यो घाल्यो गे?
शेजारच्या खाटेवरचे कायतान कूस बदलून कण्हले.
मी म्हटलं, घाल्यो.
झोपले.
घड्याळात अडीच वाजायला आले होते.
सकाळी कालनिर्णयाचं पान शोधलं,
तृतीया.
तीनची पाऊणपट सव्वादोन,
आणि थोडं वर.

स्वतःचं नाव विचारलं की खुशाली म्हणत,
पुढचं आडनाव कधी यायचं, कधी नाही.
आई गेल्याचं रोज नव्याने सांगावं लागे,
मग मी सांगणं सोडून दिलं.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी माझ्याकडे बोट केलं.
ही कोण?
बाबा बराच वेळ बघत राहिले,
गढूळ पाण्यात तळ बघावा तसे.
मी ओठ घट्ट मिटून घेतले,
परीक्षेत कुणी उत्तर फोडू नये म्हणून.
मग म्हणाले,
दिवो बरो धरता तें.

बांध फुटला त्या रात्री
कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून
दिवा धरला होता रोहिदासने.
मी घरात होते, पांघरुणात,
कान दोन्ही हातांनी दाबून.
ते मला जितकं आठवतं
तितकं दुसरं काहीच नाही,
आणि ते कुणी लक्षात ठेव म्हणून सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांनी विचारलं, बरोबर आहे का?
मी हो म्हटलं.
त्यांनी कागदावर एक खूण केली.

परतताना जुन्या गोव्याच्या धक्क्यावर फेरी लागलेली नव्हती.
एक गाय आमच्या आधी रांगेत उभी.
बाबांनी नदीकडे पाहून पाणी उतरतंय म्हटलं,
आणि ते उतरतच होतं.
मी पर्स उघडली, किल्ल्या, गोळ्यांची चिठ्ठी,
पुढची तारीख कुठे लिहिली ते सापडेना.

आंबा. खुर्ची. रुपया.
हे मात्र अजून येतं,
भांडी घासताना, रांगेत, अर्धवट झोपेत,
त्याच क्रमाने.