चौथीचं पान

बाहेर चव्वेचाळीस. मैदान दहानंतर बंद.
म्हणून रुवीच्या ह्या शाळेत लांब उडी कॉरिडॉरमध्ये,
प्रयोगशाळेपासून पाण्याच्या कूलरपर्यंत.
फरशीवर खडूची रेघ, शेजारी शिंप्याची टेप.

वही तीच आहे. बांधणी दोनदा बदलली.
चौथीचं पान दरवर्षी नवं:
उडी सेंटिमीटरमध्ये, एका पायावर तोल सेकंदांत,
भिंतीवरून परतणारा चेंडू दहांतून किती झेलला.
अठ्ठावीस वर्षं मी आकडे खाली येताना पाहते,
जिना उतरावा तसे, कठडा धरून, घाई न करता.

मुख्याध्यापक म्हणतात, उंची तर वाढलीय मुलांची.
वाढलीय. बूटही चांगले आलेत.

निषाद करंदीकर, वय नऊ: एकशे चार.
तोल, सहा सेकंद. चेंडू, दोन.
लंगडी घाल म्हटलं, तर विचारतो,
"दुसरा पाय कुठे ठेवायचा, मिस?"
मी फलटणची, खो-खोत वाढलेली.
मला उत्तर देता येईना.
तो पाय आम्ही कधी कुठे ठेवलाच नव्हता.

पालकसभेला त्याचा बाप आला, हृषीकेश.
हाही माझाच. सत्त्याण्णवचं पान काढून दाखवलं:
एकशे एकोणपन्नास. शेरा: 'थांबत नाही.'
तेव्हा वादी कबीरला बिल्डिंगीमागे रेती होती,
चपलांचे गोलपोस्ट, आणि अंधार पडला तरी
गॅलरीतून हाका मारणाऱ्या आया.
आता तिथे पार्किंग आहे. हाका मारायचं कारण उरलं नाही,
पोरं घरातच असतात.

त्याने घड्याळ काढलं. बूट काढले.
मोज्यांवरच रेघेशी उभा राहिला,
हात मागे नेले, गुडघे वाकवले,
आणि सोफा सरकवताना निघतो तसा आवाज काढून उडाला.
एकशे अठ्ठावीस. घसरून बसला तो थेट कूलरपाशी,
गुडघा धरून, हसत.

निषादने टेप वाचली. वाकून पुन्हा वाचली.
मोठं माणूस पडून हसतं, हे बहुधा नवीन होतं त्याला.
मग कुणी न सांगता स्वतः उडाला. परत. परत.
एकदा तर रेघ सोडून, उगाच, भिंतीकडे तोंड करून.
आत पुढच्या पालकांचा नंबर पुकारत होते.

मी मोजलं नाही. टेप दोघांच्या पायांत गोळा झाली होती.
शेरा लिहावा म्हणून पेन शोधलं, तोवर
ते लिफ्टपाशी पोचलेले,
बाप बुटाची नाडी बांधतोय,
पोरगा एका पायावर.
मी मनात पाचपर्यंत आले
आणि लिफ्ट आली.