एकसष्ट भोपळे

मिरजेत, तंतुवाद्यांच्या गल्लीत, एका माळ्यावर
दोनशे चौदा भोपळे, दोरीनं टांगलेले,
प्रत्येकाच्या देठाशी खडूनं घातलेला नंबर.
अल्तमश म्हणाला, ताई, सगळं कॉम्प्युटरवर घ्या,
चाचांच्या डोक्यात आहे तोवर.

मी तक्ता केला. नंबर, घेर, साल, शेत कुणाचं.
शेवटचा रकाना: नाद चांगला, हो किंवा नाही.
बुलियन. मला वाटलं, हे तर सोपं.

हो असलेले मागितले: एकशे एकवीस.
नाही असलेले मागितले: बत्तीस.
बेरीज केली, परत केली, बोटांवरही केली.
एकशे त्रेपन्न.
वर बघितलं तर माळ्यावर एकही कमी नव्हता.

मग उलटं विचारलं: हो नसतील ते दे.
तरी बत्तीसच.
एकसष्ट भोपळे होमध्ये येईनात,
हो नसलेल्यांतही येईनात,
आणि डोक्यावर तर लटकतायत.

त्यांचा रकाना रिकामा होता. नल.
दस्तगीरचाचा कानस घासत होते. "नळ?
पाणी येतं तो?"
येतं का नाही तेच माहीत नसतं, तो.
"मग मिरजेतलाच की."

मला सांगलीची सहाची बस धरायची होती.
एक ओळ लिहिली: रिकामं असेल तिथं नाही धर.
आकडा जुळला.
जुळलेल्या आकड्याइतकं गुळगुळीत काही नसतं.
त्र्याण्णव नंबरांची यादी छापली,
वर मथळा: काढून टाकणे.

चाचांनी चष्मा पुसला, यादी वाचली,
एका नंबरापाशी अंगठा ठेवला.
एकशे सत्याहत्तर.
"ह्यो कुणी वाजवला?"
कुणीच नाही.
"मग वाईट हाय म्हणून कुणी सांगितलं?"

मी.

कुपवाडचे पाहुणे उठून गेल्यावर
आत्यानं विचारलं होतं, पसंत?
मी कपबशा गोळा करत होते.
घरानं माझ्या रिकाम्या रकान्यात हो भरलं,
मला पेढा हातात आल्यावर कळलं.
ते लग्न मोडायला सात महिने लागले, तो हिशोब वेगळा.

ओळ खोडली.
रिकाम्याला कशाच्या बरोबर ठेवून चालत नाही,
दुसऱ्या रिकाम्याच्याही नाही.
एकशे सत्याहत्तर आणि एकशे अठ्ठ्याहत्तर,
दोन्ही न वाजवलेले. सारखे आहेत का?
माहीत नाही.
बरं, वेगळे आहेत का?
माहीत नाही.
त्याला विचारायचं एवढंच: रिकामा आहेस का?
तेव्हा उत्तर येतं, ठणठणीत.

याद्या तीन निघाल्या.
तिसरीला मथळा सुचेना, तशीच छापली.

चाचा शिडी चढले, ती यादी दातात धरून.
बोटाच्या पेरानं टकटक, मग कान, मग पुन्हा टकटक.
"एकशे एकूणसत्तर, हो."
"एकशे बाहत्तर, न्हाई. किडलाय आतनं."
अल्तमश खाली माउस धरून भरत होता.

एकशे सत्याहत्तरला कान लावून
ते बराच वेळ तसेच राहिले.
गल्लीत कुणीतरी तार पिळत होतं, ती चढत चढत तुटली.
"चाचा, काय भरू?"
"ऱ्हाऊ दे त्याला. दिवाळीनंतर बघू, हवा सुकली की."

रकाना तसाच ठेवला, सेव्ह केलं.
सहाची गेली होती.